रवरवई

मी राहतो खरवईत आणि सांगतो बदलापूर. खरवईतले निम्मे लोक हेच करतात. खरवई म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि त्याच्या उत्तरात शेवटी बदलापूर येतंच. मग मधला वेळ कशाला घालवा? बदलापूरच्या नावावर निदान काही जमा आहे. इथं म्हणे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. २०१५ साली त्या नावाचा हिंदी सिनेमा निघाला. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी राहिली, तेव्हा दिवसभर वाहिन्यांवर ही दोन्ही गावं गाजली. खरवईची पाळी येते ती एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीला आग लागली तर, आणि तेव्हाही मथळा असतो ‘बदलापुरात भीषण आग’.

हे मला कधी टोचलं नव्हतं. टोचलं ते साडूंच्या मुलीच्या साखरपुड्यात. ठाण्याचा एसी हॉल, पिस्ता रंगाच्या खुर्च्या, आणि साडू माझी ओळख करून देतायत, “हे आमचे साडू. कर्जतकडं असतात.” कर्जतकडं! बदलापूर आणि कर्जतच्या मध्ये वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी एवढी स्टेशनं आहेत. मी म्हटलं, “खरवई.” नवऱ्या मुलाचे वडील भले गृहस्थ. ते म्हणाले, “हो का, खारघर! छान. आता मेट्रोही आली तुमच्याकडं.” साडू मनापासून हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, “लग्नाला येईन तेव्हा दंडावर गोंदवूनच येतो. मग वाचा.” टाळ्या पडल्या. आमच्या कन्येनं नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि आम्ही घरी पोहोचायच्या आत ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं. सासूबाईंनी त्यावर अंगठा पाठवला. आता माघार नव्हती. लग्न मार्गशीर्षात होतं.

गोंदण म्हणाल तर आमच्या घराला नवं नाही. आजीच्या हातावर तुळस होती, हनुवटीवर ठिपके होते. गोंदणारीण दारात यायची, काजळी पानांच्या रसात कालवायची आणि सुयांची जुडी घेऊन टोचायला बसायची. आजीला कुणी विचारलं नव्हतं की तुळस कुठल्या वळणाची हवी. भाच्याच्या मनगटावर ४२१५०३ हा पिनकोड आहे, इंग्रजी आकड्यांत. पण पिनकोड पोस्टमनला पुरतो, साडूंना पुरत नाही. मला अक्षरं हवी होती, आणि अक्षरांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये अशी माझी समजूत होती. मी निवृत्त मराठी टंकलेखक. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर सबंध नोकरी काढली, सायक्लोस्टाइलची स्टेन्सिलं कापली, साहेबांच्या ‘विनंतीपुर्वक’मधला उकार न विचारता दीर्घ केला. घरच्यांनी माझी ही समजूत कधी मोडली नव्हती, कारण त्यांना त्या विषयात रसच नव्हता.

त्या रात्री वहीच्या पाठच्या पानावर मी मोठ्या अक्षरात ‘खरवई’ लिहिलं आणि हबकलो. वीजबिलावर, रेशनकार्डावर, सोसायटीच्या पाटीवर हा शब्द रोज बघत होतो, पण पाहिला नव्हता. ख म्हणजे काय? र आणि व पायाशी जोडले की झाला ख. आणि त्याच्या पुढं काय? पुन्हा र आणि व, न जोडलेले. म्हणजे आमचं अख्खं गाव रव, रव आणि ई एवढंच आहे. पहिली जोडी लग्नाची, दुसरी नुसती शेजारी राहणारी. पहिलीचा सांधा सुटला की गाव रवरवई. दुसरी जरा जास्त जवळ आली की खखई. महाराष्ट्रात हजारो गावं आहेत. कळवा गोंदवा, नेरळ गोंदवा, वळणानं काही बिघडत नाही. माझ्याच वाट्याला असं गाव आलं, की ज्याचं नाव सुईच्या टोकाएवढ्या सांध्यावर उभं आहे.

या ख ची खोडी जुनी आहे. तो र आणि व वाटतो म्हणून लिपिसुधारकांनी किती शाई आटवली! १९५३ साली लखनौच्या परिषदेत ख चे पाय खाली जोडून घ्यायचे असं ठरलं. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडं न्यायचंही तिथं ठरलं होतं, ते लोकांनी चालवून घेतलं नाही. ख चं लग्न मात्र टिकलं. टाइपरायटरवर तर ख दोन कळांत निघायचा, आधी अर्धा ख, मग काना. तिथं मी तो हजारो वेळा बिनतक्रार जुळवला होता. पण तिथं चुकलं तर खोडरबर होतं.

कन्येनं लॅपटॉप उघडला आणि घरात समिती बसली. आधी विंडोजबरोबर येणारा मंगल. र. कृ. जोशींनी घडवलेला. जोशी म्हणजे सुलेखनातला मोठा माणूस, आकारात खोट काढायला जागा नाही. पण गेली कित्येक वर्षं सरकारी पत्रं याच टाइपात येतायत. पडद्यावर मंगलमधली ‘खरवई’ बघून बायको म्हणाली, “अहो, याखाली जावक क्रमांक राहिला.” मग लग्नपत्रिकेचं वळण, ज्यात प्रत्येक अक्षराच्या शेपटीला वेल फुटतो. ते बघून मलाच वाटलं की आपल्या दंडावर आहेर स्वीकारला जाणार नाही अशी तळटीप लागेल. मग भाच्यानं फ्लेक्सचं अक्षर काढलं: तिरकं, ठसठशीत, पिवळं, भोवती लाल कड, मागं काळी सावली. आमच्या नाक्यावर बाराही महिने कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस असतो आणि तो याच अक्षरात असतो. या वळणात लिहिलं की खाली शुभेच्छुकांचे फोटो लावावेच लागतात. त्यासाठी माझा दंड अपुरा आहे.

तेव्हा मला कळलं की वळण म्हणजे नुसतं वळण नव्हे. शब्द वाचायच्या आधी वळण वाचलं जातं. एकच खरवई एका टाइपात परिपत्रक होते, दुसऱ्यात शुभमंगल, तिसऱ्यात उमेदवार. मला यांतलं काहीच व्हायचं नव्हतं. मला फक्त साडूंना गप्प करायचं होतं, आणि त्यासाठीचा टाइप कुठल्याही यादीत सापडेना.

मी समितीला कमल शेडगे समजावून सांगितले. २०२०मध्ये ते गेले, पण नाटकांच्या जाहिराती बघत वाढलेल्या आमच्या पिढीला त्यांचं अक्षर अजून लांबून ओळखू येतं. नाटकाचं नाव ते असं काढत की तिकीट काढायच्या आधी नाटकाची जात कळावी. “तशी खरवई काढायची,” मी म्हटलं. खरवईची जात म्हणजे एमआयडीसी, तेव्हा मी पेन्सिल घेऊन ई च्या डोक्यावरच्या रफारातून धूर काढला. काढायला तासभर लागला. भाचा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, अगरबत्ती मस्त आलीय.”

शेजारचे एक काका समितीत परस्पर दाखल झाले. ते सावरकरांच्या लिपिशुद्धीचे अभिमानी. त्यांच्या मते अ ची बाराखडी वापरून ‘खरवअी’ लिहिलं की ई चा प्रश्न मिटत होता. ई चा प्रश्न नव्हताच, पण काका तीन कप चहा होईपर्यंत तो मिटवत बसले.

शेवटी कन्येनं मोदक दाखवला. ‘एक टाइप’ नावाच्या मुंबईच्या मंडळींचा हा टाइप. नावाप्रमाणे गुबगुबीत, आणि अक्षराच्या पोटात केसाएवढीच फट. कागदावर फार देखणा. मला तो आवडलाही. पण मला वाचायची वाईट खोड आहे. गोंदलेली शाई कातडीत नुसती पडून राहत नाही. शरीरातल्या भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण बाहेर पडतात आणि नव्या पेशी ते गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदवून हे दाखवलं, २०१८ साली. म्हणजे माझ्या दंडावरचा ख हा काही ख नसणार, तोंडात काळा घास धरून बसलेल्या पेशींची रांग असणार, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या घास इकडून तिकडं देत राहणार. या देवघेवीत रेघ पसरते. मोदकातली ती केसाएवढी फट मी सत्तरीत पोहोचायच्या आत बुजली असती आणि दंडावर चार काळे गोळे उरले असते. मोदक रद्द झाला. त्या उंदरांना कुणी टाइप विचारला होता का, हे मात्र कुठं छापून आलेलं नाही.

अक्षर जितकं जुनं तितका वाद कमी, असं मनाशी ठरवून एका सकाळी मी अंबरनाथला गेलो. शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांच्या काळातलं. तिथला शिलालेख नागरी लिपीतला आहे आणि पंडितांनी तो वाचलेला आहे. त्यातला एखादा ख उचलावा, हजार वर्षं टिकलेला आकार आहे, दंडावर माझ्यापुरता सहज टिकेल. मंदिराच्या भिंतींवर एवढं कोरीवकाम आहे की माणसाचं भान हरपावं. लोक ते डोळे भरून बघत होते आणि मी माना वेळावत अक्षर हुडकत होतो. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर मला पायरी दिसेना, तिथं ख कुठून दिसणार? कोपऱ्यात मोबाइलची बॅटरी लावून दगड चाचपडताना एका म्हाताऱ्या भक्तानं विचारलं, “काही हरवलं का?” मी म्हटलं, “ख शोधतोय.” त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि पिशवीतलं खोबरं काढून माझ्या हातावर ठेवलं.

मग मोडी. भाच्याच्या म्हणण्यानुसार सध्या मोडीला फार मागणी आहे. राजमुद्रा, मोडी, आणि मग बाकीचं. मोडीत एक सोय मला पटली. आधी पानभर आडवी रेघ मारून ठेवायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, म्हणजे ई चीही कटकट गेली. जमिनीचे जुने कागद वाचून देणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून खरवई मोडीत लिहून आणली आणि खात्री करावी म्हणून त्यांच्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या एकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली आणि विचारलं, “फेरफार कुणाच्या नावचा आहे?” मोडी वाचणारे इतके सावध असतील तर साडूंचं काय? आणि मला तर ती साडूंनीच वाचायला हवी होती. मोडी रद्द. पण आधी रेघ, मग अक्षर, ही गोष्ट डोक्यात राहून गेली. पुढं तिनंच घात केला.

टॅटू करून घ्यायला उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्या होत्या तिथं हे शहर उभं राहिलं, १९४९ साली त्याला नाव मिळालं, आणि छावण्यांचे नंबर अजून पत्त्यांत आहेत. कॅम्पात जीन्स मिळते, फर्निचर मिळतं, आणि ज्याची मूळ वस्तू परदेशात आहे तेही मिळतं. टॅटू तर गल्लोगल्ली. भाच्यानं शोधलेल्या दुकानातला पोरगा मात्र कलाकार होता. दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत चितारलेले, बोलणं मवाळ. भाव अक्षरावर होता. भिंतीवर नमुने लावले होते आणि त्यात एक ‘शीतल’ होतं. श गाठीचा, ल दंडाचा. माझ्यातला टंकलेखक उठला. मी त्याला सांगितलं की ही हिंदीची रूपं झाली, मराठीत श देठाचा आणि ल पाकळीचा, तसा शासन निर्णयच आहे, ६ नोव्हेंबर २००९चा. तो शांतपणे म्हणाला, “अंकल, शीतल खुद नागपूर से आई थी. उसको चला.” मग माझ्याकडं बघून, “आपके नाम में ल है?” मी म्हटलं नाही. “श?” नाही. “फिर बैठो ना.”

मी पेनड्राइव्ह पुढं केला. फाइल मी घरीच करून आणली होती, कृतीदेवमध्ये, कारण माझ्या बोटांना टाइपरायटरचाच कळफलक कळतो आणि कृतीदेव त्यावर चालतो. त्याच्या संगणकात कृतीदेव नव्हता. ज्या यंत्रात कृतीदेव नसतो तिथं त्या अक्षरांचा बुरखा गळून पडतो आणि खालची इंग्रजी कळ उघडी पडते. मी मिशरी लावलेल्या एका काकूंशी बोलत बाहेर बसलो होतो तेवढ्यात पोरानं फाइल उघडली, आलं ते अक्षर त्याच्या आवडत्या गॉथिक वळणात टाकलं आणि स्टेन्सिल छापूनही आणलं. जांभळ्या कागदावर, नक्षीदार, एका बाजूला चौकटी कंस आणि पुढं के, जे, ओ, बी, झेड. “मस्त कोड है अंकल,” तो म्हणाला. “गाडी का नंबर है क्या?”

म्हणजे झालं असतं काय, विचार करा. मी डुलकी घेतली असती तर आज माझ्या दंडावर एक न मिटलेला कंस असता.

शेवटी मी हातानं लिहिलं. खिशात कट निबचं पेन होतंच. सरळ बालबोध, पाटीवर गिरवलेलं, शिरोरेषा आखीव, ख चा पाय घट्ट जोडलेला, र आणि व यांच्यात माणूस जाईल एवढी फट. लिहून झालं आणि माझं मलाच वाटलं की एवढी वणवण करून हाती आलं ते पहिलीतलं अक्षर. पण वाईट नव्हतं. पोरगाही “क्लीन है” म्हणाला. त्यानं दंड भादरला, कसलंसं पातळ जेल चोळलं आणि जांभळा कागद चिकटवून सोलला. खरवई उमटली. मी आरशासमोर उभा राहिलो, तर आरशात ती उलटी. मग त्यानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला.

फोटोत रवरवई होतं.

“हाथ ढीला छोडो,” तो म्हणाला. मी दंड सैल सोडला. दुसरा फोटो. आता ख जुळला होता, पण मागची जोडीही जवळ सरकली होती. खखई. पुन्हा ताठ केला, पुन्हा रवरवई. वळणाचा विचार मी महिनाभर केला होता, कातडीचा केलाच नव्हता. माझ्या वयाच्या दंडाला स्वतःचं मत असतं. ताठ केला की सगळं ताणून सुटं होतं, सोडला की लोंबून एकमेकांत शिरतं. कागद असा वागत नाही. पोरगा म्हणाला, “अंकल, फॉन्ट का प्रॉब्लेम नहीं है. आपका प्रॉब्लेम है.” इतकं नेमकं निदान मला नोकरीत कुठल्या साहेबानंही दिलं नव्हतं.

इथं मला मोडी आठवली. मी म्हटलं, आधी वरची रेघ मार. रेघ पक्की झाली की कातडी तिथं धरून राहील आणि अक्षरं जागच्या जागी लटकतील. त्यानं मान हलवली. हे लोक खालून वर येतात, कारण हात आणि टिश्यू सारखे फिरत असतात. वरून सुरुवात केली तर खालचं स्टेन्सिल पुसलं जातं. मी त्याला तीनशे वर्षांच्या दप्तरी परंपरेची आठवण दिली. “आपका हाथ, आपका पैसा,” म्हणून त्यानं यंत्र चालू केलं.

त्या यंत्राची कुळकथा मला ठाऊक होती, हे माझं दुर्दैव. एडिसननं १८७६मध्ये विजेवर चालणाऱ्या पेनचं पेटंट घेतलं, कागदाला बारीक भोकं पाडून त्यातून प्रती काढायला. त्याच कल्पनेतून पुढं सायक्लोस्टाइलचे बाप निघाले, आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली नावाच्या माणसानं तसलंच यंत्र कातडीवर चालवायचं पेटंट घेतलं. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या घराण्याच्या यंत्रानं स्टेन्सिल टोचलं, त्याच घराण्याची धाकटी पाती आता मला टोचत होती. कागद बोलत नाही म्हणून बरं. मी बोललो. पहिल्या बोटभर रेघेत मी सिंधी लोकांच्या उद्यमशीलतेबद्दल बोललो, दुसऱ्या बोटभर रेघेत नुसता हुंकार देत राहिलो, आणि रेघ संपता संपता भिंतीवरची शीतल आधी दोन झाली, मग गाठीसकट काळी झाली.

शुद्धीवर आलो तेव्हा बाकावर आडवा होतो, पाय उशीवर, तोंडाशी आंब्याच्या रसाची पिशवी. भाचा फोनवर माझ्या बायकोला सांगत होता, “नाही मामी, ‘ख’पर्यंत पोहोचलेच नाहीत.” दंडावर काळी, सरळ, निर्दोष आडवी रेघ होती. तिच्याखाली जांभळा राडा. चारही अक्षरं पोरानं रेघ पुसता पुसता पुसली गेली होती, अगदी त्यानं सांगितलं होतं तशी. तो म्हणाला, थोडा आराम करा, नवीन स्टेन्सिल लावतो. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

मग हिशेब. भाव अक्षरावर, आणि अक्षर एकही नाही. तेव्हा देणं शून्य, असं माझं म्हणणं. तो म्हणाला, “लाइन तो चारों की है ना अंकल.” मी म्हटलं, अक्षराशिवाय शिरोरेषेला व्याकरणात किंमत नाही. तो म्हणाला व्याकरणाला सुई लागत नाही. त्यात काय बोलणार? शेवटी एका अक्षराचे पैसे ठरले. कुठल्या अक्षराचे, हे विचारायचं भाच्यानं सुचवलं, पण मी त्याला गप्प केलं. तीन अक्षरं बाकी आहेत, केव्हाही या, असं त्यानं कार्डावर लिहून दिलंय.

लग्नाला मी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला. लपवून काय करणार, ग्रुपवर भाच्यानं सगळं टाकलं होतं. साडूंनी दंड दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाले, “वजाबाकी का? कशातून काय वजा केलंत?” नवऱ्या मुलाच्या वडिलांना मात्र खरंच वाटलं की काम अर्धवट आहे. त्यांनी आपुलकीनं विचारलं, “खारघर मावेल ना हो एवढ्यात?”

रेघ आता बरी झालीय. खपली धरली, खाज सुटली, पडली. ती दंडाच्या मागच्या अंगाला आहे, त्यामुळं मला आरशाशिवाय दिसत नाही, पण घरात तिची सोय झालीय. मी वाण्याकडं जाऊन निम्म्या वस्तू विसरून येतो ही बायकोची जुनी तक्रार. मोबाइलवर यादी दिली तर मी मोबाइल विसरतो. दंड विसरता येत नाही. “आखीव रेघ आहेच,” असं म्हणून ती निघताना बॉलपेननं खाली लिहून देते. अक्षर तिचं दाट, एकाला एक लागून, कारण तिला ख ची आणि र-व ची काहीएक पडलेली नाही. परवा दुकानात गर्दी होती. मी नुसता वळलो आणि बाही वर केली. वाण्यानं चष्मा कपाळावर चढवला, दंड ट्यूबलाइटकडं फिरवला, आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून मला विचारलं, “काका, साखर एक किलो समजलं. पण हे अर्धा किलो ‘खा’ म्हणजे काय देऊ?”